पटावरची सगळी नावं

(दहावी १९७६ च्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमीलनाच्या तयारीसाठी रविवार, ११ जानेवारी २०२६ रोजी कन्हान येथे शाळेत झालेल्या बैठकीतील भाषण)

आदरणीय सर, आदरणीय बाई, माझ्या वर्गमैत्रिणींनो आणि वर्गबंधूंनो,

‘बंधू’ म्हटल्याबरोबर मागच्या रांगेत हशा झाला, तो ऐकू आला मला. पण दुसरं काय म्हणू? पाचवीपासून दहावीपर्यंत सहा वर्षं आपण एका खोलीत बसलो. मुलं एका बाजूला, मुली एका बाजूला. मधल्या वाटेत पेन्सिल पडली तर कुणी कुणाला उचलून देत नव्हतं. आता मागच्या वर्षी ग्रुपवर एकानं मला लिहिलं, ‘का वं, ओळखलं का?’ ओळखलं होतं. पण उत्तर द्यावं की नाही, हे ठरवायला मला पासष्टाव्या वर्षी दहा मिनिटं लागली. त्यामुळे सध्या बंधूच बरे.

समितीनं मला दोन कामं दिली आहेत. कोण कुठे आहे ते सांगायचं, आणि येत्या डिसेंबरात काय करायचं त्याचा बेत मांडायचा. वेळ पंधरा मिनिटं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं आहे, तेव्हा घंटा वाजवून मी थांबेन या भ्रमात कुणी राहू नये.

आधी आपली ओळख नातवंडांना कळेल अशी सांगते, कारण ती अर्धा डझन इथे आली आहेत. आपल्या आधीची मंडळी अकरावीची मॅट्रिक होती. नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ ला झाली आणि दुसरी आपली, मार्च १९७६ ची. म्हणजे पहिल्या बॅचला नवलाई मिळाली, आपल्याला फक्त अभ्यासक्रम मिळाला. आणीबाणी सुरू होती. शाळेच्या भिंतीवर वीस कलमी कार्यक्रम रंगवला होता आणि शिक्षा म्हणून सरांनी काहींना ती वीसही कलमं पाठ करायला लावली होती. एकाला ती अजून येतात. जेवण झाल्यावर तो म्हणून दाखवील.

आता बातम्या. नावं मी मुद्दाम घेत नाही. हे भाषण स्मरणिकेत छापणार आहेत आणि काही जणांनी तशी अट घातली आहे. तुम्हाला माणूस ओळखायला नावाची गरज पडणार नाही.

खाणी सरकारच्या झाल्या १९७३ ला. कोराडीचा पहिला संच सुरू झाला १९७४ ला. वेस्टर्न कोलफिल्ड्स निघाली १९७५ ला. आणि आपण दहावी झालो १९७६ ला. आपल्या बापांनी हिशेब तिथेच संपवला होता, ‘दहावी हो अन् लाग’. त्यामुळे आपल्यातले कितीतरी जण इंदर, गोंडेगाव, सिल्लेवाडा इथल्या खाणींत गेले. टेकाडीचा आपला मित्र चौतीस वर्षं डंपर चालवून रिटायर झाला. आता पेंचच्या कालव्यावर धान लावतो. मी विचारलं, कसं वाटतं? म्हणाला, ‘पयले माती काढून राहिलो होतो, आता मातीत घालून राहिलो.’ कोराडीवाले चौघे. त्यांतला एक सध्या तिथल्याच कॉलनीजवळ घर बांधून राहतो, कारण त्याला चिमणी दिसल्याशिवाय झोप येत नाही म्हणे. रेल्वेत तिघे. एक भिलाईच्या स्टील प्लांटला गेला आणि तिकडचाच झाला. आता फोनवर बोलताना चार शब्द मराठी, दोन छत्तीसगढी.

कामठीच्या पोरवाल कॉलेजात आपल्यातले आठ-दहा जण गेले. त्यांतून दोन वकील, एक बँकेत, आणि एक मी. नागपूरच्या मेडिकलला एक मुलगी गेली. आपल्या वर्गाची तीच एकटी डॉक्टर. ती सध्या पुण्याला लेकीकडे असते आणि डिसेंबरात नक्की येते म्हणाली आहे. दुसरी नर्स झाली. तिनं नोकरीची बहुतेक वर्षं गडचिरोली जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत काढली, कन्हानला बदली कधी मागितली नाही. तिची बातमी आपल्याकडे पोचली नव्हती, कारण ती सांगणाऱ्यांतली नाही. तिच्या हातून झालेल्या बाळंतपणांचा आकडा मी विचारला, तर म्हणाली, ‘रजिस्टरमध्ये आहे, डोक्यात नाही.’

गेलेल्यांची नावं आत्ताच सरांनी वाचली आणि आपण उभे राहिलो. सतरा जण. त्यांचं पान स्मरणिकेत वेगळं असेल. त्यांतले तिघे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत गेले. तेव्हा कुणाला खांदाही देता आला नाही, त्यांच्या घरी आपण नंतरही नीट गेलेलो नाही. घरच्यांना डिसेंबरचं आमंत्रण द्यायचं आणि ते हाती नेऊन द्यायचं, फोनवर नाही, असं समितीनं ठरवलं आहे.

आता मुद्द्यावर येते. हा मुद्दा थोडा कडू आहे, आणि चहाच्या आधीच तो मांडावा असं मला वाटतं.

आपण ‘बॅच’ कुणाला म्हणतो? २००१ साली रौप्यमहोत्सव झाला, नागपूरच्या एका हॉलमध्ये. छान झाला. त्याच्या आमंत्रणाची यादी अडतीस नावांची होती. ही अडतीस नावं आली कुठून, हे मी गेल्या वर्षी शोधलं. तर ती १९७६ च्या निकालाची यादी होती, पहिल्या झटक्यात पास झालेल्यांची. तुम्हाला तो जून महिना आठवत असेल. निकाल पेपरात यायचा, नुसते नंबर, बारीक अक्षरांत, ओळीच्या ओळी. सकाळी स्टँडवर पेपरचा गठ्ठा उतरला की झुंबड. ज्याचा नंबर सापडला तो पेढे आणायला पळाला, ज्याचा नाही सापडला तो मागच्या रस्त्यानं घरी गेला. आणि पन्नास वर्षं झाली, त्या पेपरात नंबर नव्हता म्हणून तो आपल्या यादीतही नाही.

मग मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन आम्ही तिघांनी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उघडलं. त्यांचे आभार मानते. ते वयानं आपल्या मुलांएवढे आहेत, पण त्यांनी आम्हाला कार्यालयात टेबल दिलं, पंखा दिला, आणि तीन शनिवार चहा पाजला. पाचवीत १९७० ला दाखल झालेली आणि मधल्या वर्गांत येऊन मिळालेली अशी सगळी मिळून नावं निघाली १०३. दहावीच्या परीक्षेला बसले ६१. म्हणजे ४२ जण दहावीपर्यंत पोचलेच नाहीत, आणि बसले त्यांतले २३ त्या वेळी नापास झाले. एकशेतीनातून अडतीस वजा करा. गणिताचे सर समोर बसले आहेत, उत्तर मीच सांगते, पासष्ट. पासष्ट माणसं आपल्याबरोबर डबा खाऊन, आपल्याबरोबर छड्या खाऊन, आपल्या बॅचमध्ये नाहीत.

त्या रजिस्टरात शेवटचा एक रकाना असतो, शाळा सोडण्याचं कारण. मुलांच्या पुढे बहुतेक ठिकाणी लिहिलं आहे, ‘सतत गैरहजर’. मुलींच्या पुढे कुठे तेच, कुठे ‘पालकाच्या इच्छेवरून’. मी स्वतः शाळा चालवली आहे, त्या रकान्याची रुंदी मला माहीत आहे. त्यात दोन शब्द मावतात.

एक उदाहरण सांगते. आपल्यात एक मुलगी होती, सातवीपर्यंत. चित्रकलेत पहिली. ती दिवाळीनंतर यायची बंद झाली आणि आपण समजलो की गाव सोडलं. तिनं गाव सोडलंच नव्हतं. आई विड्या वळायची, आईची नजर गेली, मग लेक वळायला बसली. शाळेपासून एक मैलावर. तेंदूच्या पानाला कात्री लावून लावून तिच्या बोटाला घट्टा पडला आहे, तो तिनं मला दाखवला. सत्रापूरला तिच्या घरी आम्ही गेलो तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, ‘माह्यं नाव हाये का तिथं अजून?’ मी मोबाईलवर रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवला. तिनं चष्मा आणायला नातीला आत पाठवलं. लग्नात नाव बदललेलं, आधार कार्डावर तेच. रजिस्टरातलं माहेरचं नाव तिनं किती वर्षांत लिहिलेलं पाहिलं नव्हतं कोण जाणे. ते पान तिनं मागून घेतलं, मी छापून दिलं.

मुली शोधणं म्हणूनच कठीण जातं. रजिस्टरात एक नाव, सासरी दुसरं, आडनाव तिसरं. मुलगा शोधायचा तर त्याच्या बापाचं घर तरी सापडतं.

दुसरं उदाहरण इथेच बसलं आहे. बसलं कसलं, मागे खुर्च्या मोजत उभं आहे. तारसा चौकातला पानठेला तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. चाळीस वर्षं झाली त्या ठेल्याला. कुणाची बदली कुठे झाली, कुणाच्या मुलीचं जमलं, कोण दवाखान्यात आहे, हे ग्रुपवर यायच्या आधी तिथे कळतं. मघाशी मी सांगितलेल्या बातम्यांतल्या निम्म्या त्याच्याकडून आल्या आहेत. हा आपल्यासोबत दहावीला बसला, नंबर आला नाही, पुन्हा बसला नाही. २००१ च्या हॉलचा पत्ता नागपूरला जाणाऱ्या कितीतरी जणांना त्यानंच समजावून सांगितला. तो स्वतः त्या हॉलमध्ये नव्हता. मी त्याला परवा विचारलं, तुला तेव्हा वाईट वाटलं का? त्यानं चुना लावता लावता उत्तर दिलं, ‘वाईट कायचं वं? पत्रिकाच नोती तं जायचं कसं?’ नाव घेऊ नको म्हणाला म्हणून घेत नाही. पण खुर्च्या किती झाल्या, ते त्यानं आता पुढे येऊन बसून सांगावं.

तर माझा पहिला प्रस्ताव असा, की सुवर्णमहोत्सवाचं आमंत्रण १०३ नावांना जाईल. सतरा घरांत ते कुटुंबाला जाईल. चौसष्ट जणांचे पत्ते सापडले आहेत. बावीस नावं राहिली आहेत, ती शेवटी वाचते.

दुसरा प्रस्ताव जागेचा, आणि इथे माझं नि समितीतल्या काही मित्रांचं जमत नाही, हे उघड सांगते. त्यांचं म्हणणं रामटेक रोडवरचं एखादं रिसॉर्ट घ्यावं, मुक्काम तिथेच, वर्गणी माणशी अडीच हजार. म्हणणं चुकीचं नाही. आपले गुडघे शाळेच्या सतरंजीवर बसण्याच्या लायकीचे राहिले नाहीत, आणि बाहेरगावाहून येणाऱ्याला गरम पाणी लागतं. पण अडीच हजार हा आकडा कुणाला सहज वाटतो आणि कुणाला नाही, हे या खोलीत बसून कळत नाही. ज्याला नाही जमणार तो ‘पैसे नाहीत’ असं म्हणणार नाही. तो म्हणेल, ‘त्या दिवशी जावयाकडे जायचं आहे.’ आणि आपण त्याच्यावर रागावू, की पन्नास वर्षांनी बोलावलं तरी आला नाही.

म्हणून कार्यक्रम याच शाळेत, याच पटांगणात. मांडव, खुर्च्या, जेवण धरून मी गावातून तीन जणांकडून भाव काढले आहेत, माणशी सहाशेच्या आत बसतं. वर्गणी ठरलेली नको. कार्यालयात एक पेटी ठेवू, पाकिटावर नाव नको. ज्याला पाच हजार द्यायचे तो देईल, ज्याला काही द्यायचं नाही तो जेवेल. हिशेब मी ठेवीन आणि पै-पैचा फलकावर लावीन. बाहेरगावच्यांच्या मुक्कामासाठी गावातल्या घरांनी एकेक-दोन-दोन पाहुणे घ्यावेत. अकरा घरांनी आधीच होकार दिला आहे. ज्यांना हॉटेलच हवं त्यांनी नागपुरात राहावं, फक्त खोली आत्ताच सांगून ठेवा. हिवाळी अधिवेशन लांबलं की नागपुरात डिसेंबरात खोली मिळणं म्हणजे तिकीट मिळण्यासारखं आहे, आणि मी निवडणुकीचंच तिकीट म्हणते आहे.

जेवण साधं. सकाळी तर्री-पोहे, दुपारी वडा-भात, पाटवडी-रस्सा, कढी. ज्यांना तर्री चालत नाही त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणू नये, बिनतर्रीचे पोहे आहेत. सावजी कुठे, असं विचारणाऱ्यांना उत्तर असं की रात्री आपापल्या जबाबदारीवर.

तारीख शनिवार-रविवार, २६ आणि २७ डिसेंबर २०२६. शुक्रवारी नाताळची सुटी आहे, त्यामुळे ज्यांना लेक-सून गाडीनं सोडणार आहेत त्यांना सोपं जाईल. गोंदियाकडून येणाऱ्यांना कन्हान स्टेशन आहेच, एक्स्प्रेसनं येणाऱ्यांनी इतवारी किंवा नागपूरला उतरावं, तिथून आणायला माणूस असेल. मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकातून कन्हान नदीपर्यंत यायची आहे. आपण तिच्यासाठी थांबणार नाही, तिनं शतकमहोत्सवाला यावं.

शनिवारी सकाळी प्रार्थना, मग हजेरी. हजेरी खरीखुरी, रजिस्टरातल्या क्रमानं, रजिस्टरातल्या नावानं. माहेरच्या नावानं. गेलेल्याचं नाव आलं की त्याच्या घरचं कुणी असेल ते ‘हजर’ म्हणेल. भाषणं नकोत. हे मी भाषण करताना म्हणते आहे, ठाऊक आहे. दुपारनंतर नुसतं बसायचं. रविवारी सकाळी नदीवर, जुना दगडी कमानींचा पूल दिसतो तिथे. नदी आपली राहिली नाही म्हणून काही जण हळहळतील. खरंच आहे. आपल्या वेळी उन्हाळ्यात पात्रात डांगरवाड्या असायच्या, शाळा सुटली की डांगर चोरायला पोट्टे तिथे. आता रेती उपसून खड्डे पडले आहेत. पण ऑगस्ट २०२० मध्ये पेंचचं पाणी सुटलं आणि ती गावांत शिरली तेव्हा ती कुणाची नदी आहे हे तिनं दाखवलंच.

नदीकाठी बाबू हरदास यांचं स्मारक आहे. उद्या, १२ जानेवारीला, त्यांचा स्मृतिदिन, उद्या इथे रस्ता चालायला मिळणार नाही. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवलं ते कामठीच्या या माणसानं. विडी कामगारांना एकत्र आणलं, रात्रशाळा काढल्या, १९३७ मध्ये निवडून विधिमंडळात गेले आणि १९३९ मध्ये, पस्तीस वर्षांचे असताना, गेले. आपण सहा वर्षं त्यांच्या स्मारकाशेजारच्या गावात शिकलो आणि त्यांच्याबद्दल एकही धडा वाचला नाही. रात्रशाळा कुणासाठी असतात, हे सत्रापूरच्या त्या घरातून बाहेर पडताना माझ्या डोक्यात आलं, आणि त्यातूनच माझा तिसरा प्रस्ताव निघाला.

शाळेला आपण काहीतरी द्यायचं, यावर सगळ्यांचं एकमत आहे. एका मित्रानं प्रवेशद्वार सुचवलं आहे, संगमरवरी पाटी, आपली नावं. दुसऱ्यानं पहिल्या येणाऱ्याला चांदीचं पदक. पदकं देणारे पुष्कळ आहेत, पहिल्या येणाऱ्याला पुढची वाटही सापडते. मला वाटतं आपला पैसा नापास झालेल्यासाठी ठेवावा. आता जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते. शाळा सुटलेल्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. पण फॉर्मला पैसे लागतात, विषय शिकवणारं कुणी लागतं, आणि सगळ्यांत आधी घरी जाऊन ‘पुन्हा बस’ म्हणणारं माणूस लागतं. आपल्यात निवृत्त शिक्षक सहा आहेत. सकाळचा वेळ आपल्याकडे बख्खळ आहे. मुख्याध्यापकांशी बोलले आहे, मे-जूनमध्ये ते एक खोली देतील. यंदाच्या निकालापासूनच सुरू करता येईल, डिसेंबरची वाट पाहायचं कारण नाही. गणित आणि इंग्रजी, हे दोन विषय घेतले तरी पुष्कळ. पहिली खुर्ची आमच्या गणिताच्या सरांची, त्यांनी होकार दिला आहे. वय विचारू नका, त्रिकोणमिती विचारा.

आता सरांचं आणि बाईंचं. आपल्याला शिकवलेल्यांपैकी चौघे हयात आहेत. दोघे आज समोर आहेत. एक सर नव्वदीच्या पुढे गेले आहेत, कामठीला लेकीकडे असतात, जिना उतरत नाहीत. एक बाई अकोल्याला. त्यांना स्टेजवर चढवून दोन तास खुर्चीत बसवण्यापेक्षा आपण त्यांच्याकडे जाऊ. ५ सप्टेंबर शनिवारी येतो. दोन गाड्या करू. हातात शाल-श्रीफळ नको. सरांनीच फोनवर बजावलं आहे, ‘शाली इतक्या जमल्या की दुकान टाकेन. येताना आपल्या वह्या आणा, असल्या तर.’ एकीकडे अजून भूगोलाची वही आहे. नकाशात पेंच नदी चुकलेली आहे, लाल शाईत सरांची सही आहे. ती नेणार आहोत.

वरच्या तिन्ही प्रस्तावांवर हात वर करून मत घ्यावं, अशी अध्यक्षांना विनंती. रिसॉर्टवाल्यांनीही हात वर करावा, मोजून घेऊ. भांडण झालं तरी आजच होऊ द्या, डिसेंबरात नको.

बावीस नावं या कागदावर आहेत. मी वाचते. ज्याला जे माहीत असेल, माहेर, सासर, भावाचं दुकान, बापाची खाण, काहीही, ते त्या नावापुढे लिहा. पेन दोरीनं बांधला आहे, खिशात जाणार नाही. कागद पहिल्या बाकावरून निघेल.